रोजकीर्द आधी, खतावणी नंतर

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यात मी गेली १४ वर्षे हिशेबाचे काम पाहते. कारखाना फार मोठा नाही. यंत्रमागावरचे विणकर, कांडी भरणाऱ्या बाया, शिलाई आणि घडी-पॅकिंग असे मिळून ६२ जण कामाला आहेत आणि त्यांतील बहुतेकांना मजुरी नगावर, म्हणजे डझनामागे ठरलेल्या दराने मिळते. वाटप शनिवारी संध्याकाळी होते. त्यामुळे शुक्रवार हा कितीतरी वर्षे माझा आठवड्यातला सर्वांत लांब दिवस होता. प्रत्येक विभागाच्या देखरेख करणाऱ्याकडून आलेल्या चिठ्ठ्या पुढ्यात घेऊन दुपारी दोनला बसायचे, एक्सेलमध्ये प्रत्येकाच्या नावासमोर सहा दिवसांचे आकडे भरायचे, दर लावायचा, उचल वजा करायची आणि बेरजा पुन्हा कॅल्क्युलेटरवर तपासायच्या, यात रात्रीचे आठ-नऊ वाजायचे. संगणक समोर असूनही मी कॅल्क्युलेटर का वापरत होते, हा प्रश्न त्या काळात मला पडला नव्हता. माझा माझ्याच शीटवर विश्वास नव्हता, हे त्याचे खरे उत्तर आहे.

त्या शीटची रचना इथे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या गावातल्या अनेक कारखान्यांत आणि पेढ्यांत अजूनही तशीच रचना मी पाहते. डावीकडे नावे, वरच्या ओळीत कामाचे सहा दिवस, मग एकूण डझन, दर, मजुरी, उचल आणि हाती द्यायची रक्कम. दर आठवड्याला मागच्या आठवड्याची शीट कॉपी करायची, आकडे पुसायचे आणि नवे भरायचे. वर्षाच्या शेवटी एका फाइलमध्ये ५२ शीट जमत. एखाद्या कामगाराने वर्षभरात किती डझन केले, असे मालकांनी विचारले की त्या ५२ शीट उघडून पाहण्याशिवाय मार्ग नसे. शिवाय दर सूत्राच्या पोटातच लिहिलेला असायचा, त्यामुळे दर बदलला की प्रत्येक खण उघडून तो बदलावा लागे आणि एखादा हमखास राहून जाई.

अशा रचनेत काय घडू शकते, ते एका शनिवारी घडले. नावे वर्णक्रमाने लावावीत म्हणून मी नावांचा स्तंभ निवडला आणि क्रम लावण्याचा आदेश दिला. शेजारचे स्तंभही सोबत घ्यायचे का, असे एक्सेलने विचारले होते. मी घाईत फक्त निवडलेल्याच स्तंभाला क्रम लावण्यास संमती दिली. नावे हलली, आकडे जागेवर राहिले. डझनांचे आकडे मी त्यानंतर चिठ्ठ्यांवरून भरल्याने मजुरी बरोबर आली, पण उचलीचा स्तंभ मागच्या आठवड्यातून तसाच आलेला होता आणि तो आता दुसऱ्याच माणसांच्या नावांसमोर उभा होता. संध्याकाळी शिलाई विभागातील एक वयस्क बाई पाकीट घेऊन परत आल्या. त्यांनी नोटा माझ्या टेबलावर एकेक करून मांडल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “अक्का, माझी उचल गणपतीच्या आधीच फिटली की. मग हे पाचशे कशाचे कापले?” त्या गेल्यावर मी शीट ओळीओळीने तपासली, तेव्हा ४१ नावांसमोर चुकीची उचल लागलेली आढळली. काहींचे पैसे विनाकारण कापले गेले होते आणि काहींची थकलेली उचल कापलीच गेली नव्हती. सोमवारी सर्वांचा हिशेब दुरुस्त करून दिला. ज्यांच्या हाती जास्त रक्कम गेली होती त्यांनीही कुरकुर न करता पुढच्या आठवड्यात कापून घ्यायला संमती दिली. पण त्या बाईंना स्वतःच्या उचलीचा हिशेब तोंडपाठ होता म्हणून चूक सापडली, माझ्या शीटमुळे सापडली नाही, ही गोष्ट मला फार लागली.

आमच्या घराजवळ एक निवृत्त दिवाणजी राहतात. त्यांनी साखर पेठेत सुताच्या व्यापाऱ्याकडे आयुष्यभर वह्या लिहिल्या. संगणक त्यांनी कधी वापरला नाही. त्या आठवड्यात मी ती शीट छापून त्यांना दाखवायला नेली होती, ती केवळ मन मोकळे करावे म्हणून. त्यांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारले, “ताई, ही तर सगळी खतावणीच दिसतेय. हिची रोजकीर्द कुठं आहे?”

त्या एका प्रश्नाने मला जे शिकवले, ते त्याआधी पाहिलेल्या शंभर व्हिडिओंनी शिकवले नव्हते. ज्यांनी जुन्या वह्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रोजकीर्दीत व्यवहार घडेल तसा, तारखेच्या क्रमाने, एकदाच लिहिला जातो. त्या नोंदी नंतर ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवल्या जातात, ती खतावणी. खात्यांच्या शिलकी एकत्र मांडून दोन्ही बाजू जुळतात का ते पाहिले जाते, ती तेरीज. रोजकीर्द हे मूळ आहे. खतावणी हरवली तर रोजकीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते, पण रोजकीर्द हरवली तर खतावणीतला आकडा कुठून आला हे कोणालाही सांगता येत नाही. माझ्या शीटमध्ये हे मूळच नव्हते. चिठ्ठीवरचा आकडा थेट खात्यात जाऊन बसत होता आणि चिठ्ठ्या महिन्याभरात रद्दीत जात होत्या. खतावणी हे निव्वळ कष्टाचे, यांत्रिक काम आहे आणि यंत्राने करावे असे तेवढेच आहे. मी मात्र तेच हाताने करत होते आणि विचारपूर्वक करायची नोंद घाईत उरकत होते.

स्प्रेडशीट हा शब्द मुळात हिशेबनिसांच्या रुंद, रकाने आखलेल्या कागदावरून आला आहे, हे मला पुढे कळले. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली ॲपल टू या संगणकासाठी व्हिजिकॅल्क तयार केले, तेव्हा एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलावेत, हीच त्यामागची मुख्य कल्पना होती. म्हणजे आपोआप होणे हे या साधनाच्या जन्मातच आहे. ते आपल्याला मिळत नसेल, तर बहुतेक वेळा आपण आकडे त्याला समजेल अशा रीतीने मांडलेले नसतात.

मी नवी फाइल सुरू केली. तिच्या पहिल्या शीटला ‘रोजकीर्द’ असेच नाव दिले. एका ओळीत एक नोंद: तारीख, कामगार क्रमांक, कामाचा प्रकार, मालाचा आकार, डझन आणि चिठ्ठीचा क्रमांक. सोमवार-मंगळवारचे वेगळे स्तंभ नाहीत, विभागांच्या वेगळ्या शीट नाहीत, मध्येच बेरजेच्या ओळी नाहीत, सजावटीसाठी एकत्र केलेले खण नाहीत. उचलीसाठी दुसरे शीट, त्यातही तीच पद्धत: तारीख, क्रमांक, दिलेली किंवा कापलेली रक्कम. मग कंट्रोल आणि टी या कळा दाबून दोन्ही याद्यांचे टेबल केले. ही सोय साधी दिसते, परंतु मला विचाराल तर एक्सेलमध्ये सर्वांत आधी शिकावी अशी गोष्ट तीच आहे. टेबलाखाली नवी ओळ लिहिली की टेबल स्वतःहून वाढते, वरचे सूत्र खाली आपोआप उतरते आणि टेबलावर बेतलेल्या बेरजांमध्ये ती ओळ धरली जाते. बेरीज दोनशेव्या ओळीपर्यंतच लिहिलेली होती आणि नोंदी दोनशेपाचपर्यंत गेल्या, हा प्रकार त्यामुळे संपला. त्यात क्रम लावतानाही संपूर्ण ओळ एकत्र हलते, त्यामुळे माझ्या हातून घडली तशी चूक तिथे सहसा घडत नाही.

कामगारांना नावाऐवजी क्रमांक देण्याचा निर्णय मला थोडा खटकला होता, कारण माणसाला आकड्याने ओळखणे बरे वाटत नाही. पण सोलापुरात त्याला पर्याय नाही. आमच्या कारखान्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे एकत्र काम करतात आणि एकच नाव चार चिठ्ठ्यांवर चार प्रकारे येते. व्यंकटेश, वेंकटेश आणि व्यंकटेशम हे आपल्या दृष्टीने एकच, एक्सेलच्या दृष्टीने तिघेजण. नावाच्या शेवटी चुकून पडलेली रिकामी जागासुद्धा त्याला वेगळा माणूस वाटते. आता क्रमांक लिहिला की शेजारच्या स्तंभात पूर्ण नाव व्हीलुकअप या यादीतून शोधून आणणाऱ्या सूत्राने आपोआप दिसते आणि ते मी चिठ्ठीशी ताडून पाहते. कामाचा प्रकार आणि आकार टंकायचे नाहीत, डेटा व्हॅलिडेशनने केलेल्या यादीतून निवडायचे. तारखेच्या खणात चालू आठवड्याबाहेरची तारीख स्वीकारलीच जात नाही.

तारखांविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण आपल्याकडे सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. एक्सेलमध्ये तारीख म्हणजे प्रत्यक्षात एक संख्या असते. १९०० सालाच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले दिवस. १ जानेवारी २००० ही तारीख त्याच्या पोटात ३६५२६ या रूपात असते. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची असेल तर तो आधी महिना आणि मग दिवस वाचतो. अशा संगणकावर तुम्ही ०३/०४ असे ३ एप्रिलसाठी लिहिले की तो ४ मार्च समजतो आणि काहीही बोलत नाही. १३ तारखेपासून पुढे मात्र तेरावा महिना नसल्याने तो त्या नोंदीला तारीख न मानता नुसता मजकूर मानतो आणि ती खणात डावीकडे चिकटते. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी चुकीच्या महिन्यांत विखुरतात आणि उरलेल्या हिशेबातूनच बाहेर पडतात. आमच्या पॅकिंग विभागातला संगणक असाच होता. दोन महिने मी बेरजा का जुळत नाहीत हे शोधत होते आणि कारण विंडोजच्या प्रादेशिक मांडणीत होते. तारखा डावीकडे चिकटल्या आहेत की उजवीकडे, एवढे एक नजर टाकून पाहण्याची सवय तेव्हापासून लागली.

रोजकीर्द नीट झाल्यावर खतावणी अक्षरशः एका दुपारी झाली. सम-इफ्स हे सूत्र नेमके तेच करते: या क्रमांकाच्या, या तारखेपासून या तारखेपर्यंतच्या नोंदींतील मजुरीची बेरीज कर. आठवड्याची सुरुवात आणि शेवट असे दोन खण वर ठेवले. त्यांतल्या तारखा बदलल्या की ६२ जणांचा पगारपट त्या आठवड्याचा होतो. मागच्या दिवाळीच्या आठवड्याचा पगारपट पाहायचा असेल तर त्याच शीटमध्ये तारखा बदलायच्या. बावन्न शीटची गरज राहिली नाही. वर्षभराचे डझन विचारले गेले तर पिव्होट टेबलने, म्हणजे नोंदींचे गट करून बेरजा मांडणाऱ्या सोयीने, उत्तर मिनिटभरात मिळते.

दराचा प्रश्न त्याहून नाजूक होता. दर बदलतात आणि जुन्या कामाला जुनाच दर लागायला हवा. याचा धडा मला १ जुलै २०१९ रोजी मिळाला होता. त्या दिवसापासून राज्य कामगार विमा योजनेतील (ईएसआय) कामगाराचा हिस्सा पावणेदोन टक्क्यांवरून पाऊण टक्क्यावर आणि मालकाचा पावणेपाचवरून सव्वातीन टक्क्यांवर आला. तेव्हा मी सूत्रे एकेक करून बदलली आणि नंतर एप्रिलचा पट पुन्हा उघडला तर तोही नव्या दराने दिसू लागला. आता दरांचे स्वतंत्र टेबल आहे: कामाचा प्रकार, आकार, कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत, दर. रोजकीर्दीतील प्रत्येक ओळ आपल्या तारखेला लागू असलेला दर तिथून घेते. मी हा दरही सम-इफ्सनेच आणते, त्यामुळे एक काळजी घ्यावी लागते. दोन दरांच्या तारखा एकमेकींवर आल्या तर सूत्र दोन्ही दरांची बेरीज करते आणि मजुरी दुप्पट दिसते. म्हणून शेजारी काउंट-इफ्सचा, म्हणजे अटीत बसणाऱ्या नोंदी मोजणाऱ्या सूत्राचा, एक स्तंभ ठेवला आहे. प्रत्येक नोंदीला नेमका एकच दर सापडला पाहिजे, शून्य किंवा दोन सापडले की तो खण लाल होतो. विम्याच्या हिश्शात पैसे आले तर पुढच्या पूर्ण रुपयात रक्कम धरावी लागते, म्हणजे ११,३४० रुपयांवर पाऊण टक्का ८५ रुपये ५ पैसे होत असला तरी कापायचे ८६. तिथे नेहमीचे राउंड वापरून चालत नाही, राउंडअप लागते. असे बारकावे एकदा सूत्रात नीट बसवले की दर महिन्याला आठवावे लागत नाहीत, पण बसवताना मात्र ते कोणाला तरी ठाऊक असावे लागतात.

यानंतर मी पॉवर क्वेरी शिकले, म्हणजे वेगवेगळ्या फाइलमधील नोंदी आणून, साफ करून मांडणारी एक्सेलची सोय. एक्सेलच्या २०१६ च्या आवृत्तीपासून ती आतच आहे, वेगळी घ्यावी लागत नाही, तरीही आमच्या ओळखीतील हिशेबनिसांपैकी फार थोड्यांनी ती उघडून पाहिली आहे. शिलाई विभागाचा पर्यवेक्षक स्वतःच्या संगणकावर हजेरीपट ठेवतो आणि त्यात डावीकडे नावे, वर १ ते ३१ तारखा, अशी जुनीच मांडणी आहे. त्याला ती सोयीची वाटते आणि त्याने ती बदलावी असा आग्रह मला धरायचा नव्हता. पॉवर क्वेरीत क्रमांक आणि नावाचे स्तंभ निवडून बाकीचे स्तंभ ‘अनपिव्हट’ करण्याचा आदेश दिला की तो आडवा पट उभा होतो: एक माणूस, एक दिवस, एक ओळ. पहिल्यांदा हे पडद्यावर घडताना पाहिले तेव्हा मी काही वेळ नुसती पाहत राहिले, कारण मागच्या वर्षी तेच काम मी तीन रविवार बसून हाताने केले होते. चारही विभागांच्या फाइल आता एकाच फोल्डरमध्ये ठेवते. पॉवर क्वेरी फोल्डरमधील सर्व फाइल वाचते, नावांच्या मागे-पुढे पडलेल्या रिकाम्या जागा काढते, तारखा भारतीय पद्धतीने समजून घेते आणि सर्वांची एक सलग यादी करते. आपण केलेली प्रत्येक पायरी ती उजव्या बाजूला लिहून ठेवते, त्यामुळे पुढच्या आठवड्यात फक्त ‘रिफ्रेश’ करायचे. मूळ फाइलला ती हात लावत नाही, हे मला तिचे सर्वांत मोठे मोल वाटते.

मॅक्रोचा, म्हणजे एका आदेशावर अनेक पायऱ्या आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, क्रम माझ्याकडे सर्वांत शेवटी आला आणि तो शेवटीच यावा असे माझे मत आहे. शिकवणीच्या जाहिराती मॅक्रोपासून सुरुवात करतात, कारण बटण दाबताच काहीतरी घडताना दिसते. परंतु अव्यवस्थित शीटवर चालवलेला मॅक्रो चुकाच अधिक वेगाने करतो. मी तो पगाराच्या चिठ्ठ्या छापण्यापुरता वापरते. पहिला मॅक्रो रेकॉर्डरने तयार केला होता. रेकॉर्डर आपण जे करतो ते जसेच्या तसे लिहून घेतो. मी तेव्हाच्या शेवटच्या नावापर्यंत निवड केली होती, तेवढेच त्याने लिहून घेतले. पुढे तीन बाया नव्याने कामाला लागल्या आणि त्यांच्या चिठ्ठ्या छापल्याच गेल्या नाहीत. मग व्हीबीए, म्हणजे मॅक्रो ज्या भाषेत लिहिलेले असतात ती, थोडीफार वाचायला शिकले आणि किती चिठ्ठ्या छापायच्या हा आकडा टेबलाच्या ओळी मोजून घेण्याची तजवीज केली. आणखी एक गोष्ट प्रत्येक नवख्याने लक्षात ठेवावी: मॅक्रोने शीटमध्ये केलेला बदल कंट्रोल आणि झेड दाबून मागे घेता येत नाही, आधीचा मागे घेण्याचा मार्गही त्याबरोबर बंद होतो. म्हणून माझा मॅक्रो कामाला लागण्यापूर्वी फाइलची त्या दिवसाच्या तारखेची एक प्रत जपून ठेवतो.

पगाराच्या चिठ्ठीवर अक्षरी रक्कम मराठीत असावी, ही माझी फार दिवसांची इच्छा होती. एक्सेलमध्ये थायलंडच्या बाट या चलनासाठी आकडा अक्षरांत लिहून देणारे तयार सूत्र आहे, रुपयासाठी मात्र नाही. इंटरनेटवर मिळणारे मॅक्रो इंग्रजीत लिहितात, आणि इंग्रजीत वीस, तीस यांना एक ते नऊ जोडून काम भागते. मराठीत तसे भागत नाही. एकोणसत्तर, त्रेसष्ट, अठ्ठ्याण्णव, प्रत्येकाचे रूप वेगळे. शिवाय व्हीबीएच्या लेखनखिडकीत देवनागरी अक्षरे टंकली तर प्रश्नचिन्हे उमटतात. शेवटी मी एका शीटवर एक ते नव्याण्णव सर्व शब्द लिहून काढले, शेजारी एकशे ते नऊशे अशी शेकड्याची रूपे लिहिली, नुसत्या शंभरासाठी एक वेगळी ओळ ठेवली, आणि रकमेतून कोटी, लाख, हजार, शेकडा सुटे करून त्या यादीतून शब्द आणणारे साधे सूत्र केले. मॅक्रोची गरजच पडली नाही. ३,१७९ लिहिले की शेजारी ‘तीन हजार एकशे एकोणऐंशी’ उमटते. शुद्धलेखनासाठी मुलाच्या तिसरीच्या पुस्तकातली उजळणी समोर ठेवली होती.

आता ताळ्याविषयी. दिवाणजींचा दुसरा प्रश्न तोच होता: “ताळा कसा घेता?” आपोआप होणाऱ्या हिशेबात चूक झाली तर तीही आपोआप आणि गुपचूप होते. इंग्लंडमध्ये २०२० साली करोनाच्या तपासण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये घेतले जात होते. त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत, आणि त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. नव्या प्रकारच्या फाइलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, पण मुद्दा ओळींच्या मर्यादेचा नाही. आत किती नोंदी गेल्या आणि बाहेर किती आल्या, एवढा ताळा कोणी वेळीच घेतला असता तर ती फट त्याच दिवशी दिसली असती. माझ्या फाइलच्या पहिल्या शीटवर आता असे चार ताळे आहेत. चिठ्ठ्या किती आल्या आणि रोजकीर्दीत किती क्रमांक लागले. रोजकीर्दीतील एकूण मजुरी आणि पगारपटातील एकूण मजुरी सारखी आहे का. उचलीची मागची बाकी अधिक या आठवड्यातली उचल वजा कपात बरोबर नवी बाकी होते का. आणि शिलाईतून गेलेले डझन पॅकिंगला पोहोचलेल्या डझनांशी जुळतात का. चौथ्या ताळ्यात फरक येतोच, कारण काही माल दुरुस्तीसाठी मागे राहतो, पण तो फरक किती असावा याचा अंदाज आता मला आला आहे. चारही खण हिरवे असल्याशिवाय चिठ्ठ्या छापायच्या नाहीत, असा नियम मी स्वतःपुरता घालून घेतला आहे. कॅल्क्युलेटर टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गेला.

बँकेतून पैसे घेणाऱ्या कामगारांच्या खाते क्रमांकांबाबत एक सावधगिरी सांगून ठेवते. एक्सेल संख्येतले पंधराच आकडे जपते. सोळा आकडी खाते क्रमांक संख्या म्हणून लिहिला तर शेवटचा आकडा शून्य होतो, आणि सुरुवातीला शून्य असेल तर तेही गळून पडते. खाते क्रमांकाचा स्तंभ आकडे भरण्यापूर्वीच मजकूर म्हणून ठरवावा. नंतर ठरवून गेलेला आकडा परत येत नाही.

शुक्रवारचे काम आता तासाभराचे झाले आहे, कारण रोजच्या चिठ्ठ्या मी रोजच दहा-पंधरा मिनिटांत नोंदवते. वाचलेल्या वेळात मी पगाराच्या चिठ्ठीची रचना बदलली. पूर्वी तिच्यावर एकच रक्कम असे. आता प्रत्येक दिवसाचे डझन, आकार, दर, उचलीची मागची बाकी, कपात आणि उरलेली बाकी असे सारे असते, आणि ज्यांना मराठीपेक्षा तेलुगू वाचणे सोपे जाते त्यांच्यासाठी मथळे तेलुगूतही छापले आहेत. ते मथळे पॅकिंगमधल्या एका मुलीने लिहून दिले.

मागच्या महिन्यात त्याच शिलाईच्या बाई चिठ्ठी घेऊन आल्या. त्यांच्याजवळ बोटभर लांबीची एक वही असते, तिच्यात त्या रोजचे डझन रेघा ओढून मोजतात. मंगळवारच्या दिवशी त्यांच्या वहीत १९ रेघा होत्या आणि माझ्या चिठ्ठीवर ११ डझन. रोजकीर्दीत त्या ओळीसमोरचा चिठ्ठी क्रमांक पाहून मी फाइलमधून मूळ कागद काढला. पर्यवेक्षकाच्या घाईच्या अक्षरात नऊचे शेपूट इतके आखूड होते की ते मला एकासारखे दिसले होते. पॅकिंगच्या ताळ्यात त्या दिवशी आठ डझनांचा फरक होता आणि मी तो दुरुस्तीचा माल समजून सोडून दिला होता. दर १४ रुपये असल्याने त्यांचे ११२ रुपये राहिले होते. मी जुनी ओळ खोडली नाही. दिवाणजींनी सांगितल्याप्रमाणे आजच्या तारखेची, जुन्या चिठ्ठीचा क्रमांक लिहिलेली, आठ डझनांची नवी दुरुस्तीची ओळ घातली, रिफ्रेश केले आणि नवी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वहीशी पुन्हा एकदा ताडून पाहिली, पैसे मोजून घेतले आणि वहीतल्या मंगळवारच्या रेघांखाली एक आडवी रेघ ओढली.